अवघड जागेचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी उपयोगाचे बोलावे असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. लोणच्याची कृती सांगितली असती तर तुम्हाला बरे वाटले असते. पण आज मी सायकलच्या सीटमुळे बायकांना होणाऱ्या जखमांविषयी बोलणार आहे. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ अशी आपल्याकडे म्हणच आहे. हसू आले तर हसून घ्या, पण पुढचे नीट ऐका.

आधी माझी चूक सांगते. माझी मुलगी दहावीत होती. शाळा ५ किलोमीटर दूर. तिच्या वडिलांनी जुनी सायकल घेऊन दिली, तेव्हा घरात केवढा आनंद झाला! पावसाळ्यात ती भिजत जायची आणि ओल्या सलवारीतच दिवसभर बाकावर बसायची. एके दिवशी म्हणाली, “आई, बसायला दुखतं गं.” मी भाकरी थापत होते. म्हटले, “असलं काही चारचौघांत बोलू नये. होईल सवय.”

झाले! त्यानंतर पोरगी बोललीच नाही. पोट दुखते म्हणून शाळा बुडवू लागली. मी तिला आळशी म्हटले. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, पोरीची चाल बघ, ती पाय फाकवून चालते.” तरी माझे डोळे उघडले नाहीत. शेवटी धुण्यात सलवारीवर पू-रक्ताचा डाग दिसला. तोवर जांघेत केसतोड पिकून मोठे गळू झाले होते आणि अंगात ताप होता. डॉक्टरीणबाईंनी ते कापून साफ केले, औषध दिले. पंधरा दिवस शाळा बुडाली. सायकलीचा दोष थोडा, माझ्या त्या एका वाक्याचा फार.

आपल्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. खामगावहून शेगाव सुमारे १७ किलोमीटर. तिथे दर्शनाला सायकलने जाणाऱ्या बायकाही आता दिसतात. म्हणून हे सगळ्यांनाच कळले पाहिजे.

ही जखम तीन गोष्टींनी होते: दाब, घासणे आणि ओल. सीटवर अंगाचा भार पडतो, पायडल मारताना कातडी घासते आणि घामाने ती मऊ पडते. आधी जागा लाल होते, चुरचुरते. मग कातडी सोलते. केसांच्या मुळाशी जंतू शिरले की पुरळ, केसतोड आणि शेवटी गळू.

ती होऊ नये म्हणून पहिला उपाय पान्याचा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी. पाय जवळजवळ सरळ झाला तर उंची बरोबर. सीट फार उंच असली की कंबर दोन्ही बाजूंना डोलते आणि कातडी घासते. माझ्या मुलीची सीट दोन बोटे उंच होती, एवढेच! सीटचे टोक वर उचललेले नसावे. गवंड्याची पाणसळ ठेवून पाहा, सीट सपाट हवी.

दुसरे, सीटची रुंदी. बायकांची बसायची हाडे बहुधा पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात. खोक्याचा जाड पुठ्ठा पाटावर ठेवून त्यावर बसा. दोन खळगे उमटतील. त्या दोन्ही जागांना सीटचा आधार मिळाला पाहिजे. फार जाड, मऊ गादीचे कव्हर घालू नये. हाडे त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. बसून बधिरपणा येत असेल तर सीट बदलायलाच हवी.

तिसरे, कपडे. आतल्या कपड्याची आणि सलवारीच्या आसनाची जाड शिवण काचते. लांब जाणाऱ्या बायका गादी लावलेली सायकलची चड्डी वापरतात. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. पोचल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत. शाळेच्या दप्तरात एक कोरडी चड्डी आणि सलवार असू द्या. पाळीच्या दिवसांत पॅडची कड घासते, तेव्हा पॅड वेळेवर बदलावे. निघताना घासणाऱ्या बाहेरच्या कातडीवर थोडे व्हॅसलिन लावावे. पावडर नको, घामाने तिचे गोळे होतात. केस वस्तऱ्याने काढू नयेत, त्याने केसतोड वाढतात. आणि दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहून अंग उचलावे.

जखम झालीच, तर सायकल काही दिवस बंद. कोमट पाणी आणि साधा साबण यांनी धुवून, न चोळता टिपून कोरडे करावे, सैल सुती कपडे घालावेत. केसतोडाला स्वच्छ फडक्याने गरम पाण्याचा सोसवेल असा शेक दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. फोडू नये, पिळू नये. उघड्या जखमेवर चुना, तंबाखू काही लावू नये. ताप आला, लाली पसरली, गाठ वाढू लागली किंवा आठवड्यात उतार पडला नाही, तर डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी जा.

पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेह ते मनाली हा घाटांचा रस्ता एकटीने ५५ तास १३ मिनिटांत सायकलने पार केला. त्या दोन मुलांच्या आई आहेत. तेव्हा सायकल हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणू नये.

माझी मुलगी पुन्हा सायकलने शाळेत गेली आणि दहावी पास झाली. त्यानंतर मी तिच्याच सायकलवर शिकले, चाळिशी उलटल्यावर.

शेवटी दोन विनंत्या. मंडळाच्या खोलीत एक पाना ठेवावा, म्हणजे कोणाचीही सीट खालीवर करता येईल. आणि घरी सायकलवाली मुलगी असेल, तर आज रात्री तिला जवळ बसवून विचारा, “बाई, सीट काचते का गं?” ती लाजेल. तुम्ही लाजू नका.