शिकणाऱ्या मुलीचा मे महिना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवी, म्हणून विषय घरातलाच घेते. मोठे शिक्षण घेणाऱ्या मुलीकडून आपण मे महिन्यात काय अपेक्षा धरतो?

माझी पुतणी आमच्याकडे राहून क्लिनिकल सायकॉलॉजी शिकते. मनाच्या आजाराची पारख करायची आणि बोलून, सवयी बदलायला शिकवून तो हलका करायचा, असे ते काम. औषध लिहून देतात ते मनोविकारांचे डॉक्टर, ते वेगळे. बंगळूरला १९५४ साली मानसिक आरोग्याची मोठी संस्था निघाली, तिथे या शिक्षणाचा पाया पडला. पुढे आपल्या पिंपरीतही डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयात त्याची सोय झाली.

आता एप्रिल लागला की आपल्याकडे कुरडया, सांडगे, पापड, वर लग्नसराई आणि गावची जत्रा. "कॉलेजला सुट्टीच ना? मग येऊ दे हाताखाली," असे आपण सहज म्हणतो. पण एम. ए. नंतरच्या या दोन वर्षांच्या शिक्षणाला शाळेसारखी सुट्टी नसते. दवाखाना मे महिन्यात बंद राहतो का? दर आठवड्याला येणारा माणूस मोठ्या कष्टाने बोलता झालेला असतो. ही पंधरा दिवस लग्नाला गेली, तर तो पुन्हा येईलच असे नाही. शिवाय रात्री नोंदी लिहायच्या, प्रबंधाचे वाचन करायचे.

परदेशातही हीच ओढाताण. माझ्या मावसबहिणीची सून अमेरिकेत याच विषयात पीएच. डी. करते. तिचे वर्ग उन्हाळ्यात बंद, विद्यावेतन नऊ महिन्यांचेच, तरी संशोधन चालू राहावे ही गुरूंची अपेक्षा. किती चालू राहावे, ते आधी कुणी सांगत नाही. इकडे सासूबाई विचारतात, भारतात कधी येतेस? बिचारी दोन्हीकडे "बघते" म्हणते.

आम्ही पाडव्यालाच कॅलेंडर घेऊन बसलो. पुतणीने सरांना विचारून सहा दिवस मोकळे करून आणले. ते चुलतभावाच्या लग्नाला दिले. एका रविवारी पहाटे तिने कुरडयांचा चीक हाटून दिला, बाकी कुरडया विकत आणल्या. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचेही अगदी खोटे नव्हे; शिकते म्हणून मुलीने जेवल्या ताटावरून तसेच उठावे, हे मलाही पटत नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू लागेल. गच्चीवर वाळवण घालताना तिला कुणी विचारते, "आपल्या आळीतले कोण कोण येतात गं तिकडे?" असे विचारू नये. रुग्णाची माहिती गुप्त राहावी हा त्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिला आहे. ती मलाही सांगत नाही, आणि मी विचारत नाही. कुणाला आपल्याच घरासाठी विचारायचे असेल, तर सरकारचा १४४१६ हा टेली-मानसचा फोन २०२२ पासून आहे. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते.

मंडळाच्या पापडांना या खेपेस आमच्या घरून मी एकटीच येईन. दोघींचे पीठ माझ्याच नावावर लिहा. मात्र लाटायला शेजारी कुणी बसली तर बरे होईल.