विद्येचा आश्रय
(हरणी येथे मठाच्या वर्धापनोत्सवात केलेले भाषण)

 

ज्याला विद्यापीठात आसन नाही, अशा अभ्यासकाने कोणाचा आश्रय करावा? गुरुआज्ञेने हा प्रश्न आज आपणापुढे ठेवीत आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुनी दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले. त्यांच्या पाठीशी कोणतेही विद्यापीठ नव्हते. त्यांनी व खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. अभ्यासकाने हाती लागलेला कागद सभेपुढे वाचावा, इतरांनी तो पारखावा आणि मग तो छापावा, असा तेथे परिपाठ पडला. वाईस नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोश निघाला. म. म. पां. वा. काणे व्यवसायाने वकील. परंतु त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी श्रावणमासाच्या दक्षिणेस परीक्षेची जोड दिली. दान द्यावे, पण विद्या पारखून द्यावे, हा त्यातील भाव होय.

आता माझा एक प्रमाद सांगतो. पाठशाळेतील अध्यापन सांभाळून मी एका हस्तलिखिताची प्रत दोन वर्षे करीत होतो. मूळ पोथीत मधली दोन पत्रे मागेपुढे झाली होती. मी मात्र तुटलेल्या वाक्यांतून ओढूनताणून अर्थ लावीत बसलो. एका पाहुण्या शास्त्रीबुवांनी घटकाभरात ती चूक दाखविली. मठाच्या कृपेने अन्नवस्त्राची ददात नव्हती. उणीव होती ती शेजारी बसून वाचणाऱ्याची!

म्हणून द्रव्यसाहाय्याइतकेच सहवाचनही अगत्याचे आहे. एकाकी अभ्यासक एक तर निराश होतो किंवा अहंकारी होतो. दोन्हीत विद्येचीच हानी. माझी नम्र विनंती अशी की, दर पौर्णिमेस सायंकाळी या मठात वाचनसभा भरावी. शिक्षक, वकील, कारकून, गृहिणी, ज्यांना व्यासंग असेल त्या सर्वांनी यावे. आपले टिपण वाचावे, दुसऱ्याचे ऐकावे व चूक दिसल्यास प्रेमाने दाखवावी. घरी जुनी पोथी असेल तर ती येथे दाखवावी. वाळवीच्या मुखी पडू देऊ नये.

अन्नदान आपण नित्य करितो. त्याच पंक्तीत विद्येसही एक पान मांडावे, एवढेच मागणे श्रीगुरुचरणी ठेवून मी आपली रजा घेतो.