ट्रॉयच्या स्त्रिया, अम्मानच्या स्त्रिया



ग्रीक शोकांतिका आज कशासाठी वाचायच्या, असा प्रश्न माझ्यापुढे ठेवला आहे. नाटके पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून मी एकाच नाटकावर बोलतो. युरिपिडीसचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’.

इ.स.पूर्व 416 मध्ये अथेन्सने मेलॉस या छोट्या बेटाला वेढा घातला. अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धात मेलॉसला तटस्थ राहायचे होते. बेट शरण आल्यावर अथेन्सने हाती लागलेले सारे प्रौढ पुरुष मारले, बायका-मुलांना गुलाम केले. हे लिहून ठेवणारा थ्युसिडिडीस अथेन्सचाच. पुढच्याच वसंतात हे नाटक अथेन्सच्या उत्सवात झाले. त्यात मेलॉसचे नाव नाही. ते मेलॉसवरच लिहिले होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण प्रेक्षकांत बसलेले लोक त्याच शहराचे नागरिक होते, हे विसरू नका.

नाटकात घडते फार थोडे. ट्रॉय पडले आहे, पुरुष मेले आहेत. कोणती बाई कोणत्या ग्रीक सरदाराच्या वाट्याला जाणार, हे ऐकण्यासाठी राणी हेक्युबा आणि इतर स्त्रिया थांबल्या आहेत. मग हेक्टरच्या लहानग्या मुलाला तटावरून खाली टाकायचा हुकूम येतो. कारण काय, तर शूर बापाचा मुलगा वाढू देणे धोक्याचे! असा युक्तिवाद आपण कुठे ऐकला नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

हा हुकूम घेऊन येणारा तल्थिबियस मला या नाटकातला सर्वात महत्त्वाचा माणूस वाटतो. तो क्रूर नाही. त्याला लाज वाटते, तो अडखळतो, अशा कामाला माझ्यापेक्षा निर्दय माणूस हवा होता म्हणतो. आणि मुलाला घेऊन जातो. नंतर तो त्या मुलाचे प्रेत नदीत धुऊन, बापाच्या ढालीवर ठेवून परत आणतो. आईला तोपर्यंत जहाजावर चढवलेले असते. दफनाची तयारी आजीला करावी लागते. राक्षस ओळखणे सोपे असते. हा सभ्य, हळवा, हुकूम पाळणारा कारकून ओळखणे कठीण.

स्पर्धेत युरिपिडीसला दुसरे बक्षीस मिळाले. त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे आरमार सिसिली जिंकायला निघाले आणि दोन वर्षांनी तिथेच बुडाले. नाटकाने युद्ध थांबले नाही, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

अरबी भाषेशी या नाटकांचे नाते जरा विचित्र आहे. बगदादमध्ये ॲरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीत आले, पण ही नाटके आली नाहीत. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता यांनी ‘काव्यशास्त्र’ अरबीत आणले, तेव्हा ट्रॅजेडीसाठी ‘मदीह’ म्हणजे स्तुतिकाव्य हा शब्द वापरला. बाराव्या शतकात इब्न रश्द यांनीही तोच अर्थ धरून भाष्य लिहिले. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे रंगभूमीच नव्हती. पण अथेन्सने जिथे शत्रूच्या बायकांचा आक्रोश ऐकला, त्या प्रकाराला ‘स्तुती’ म्हणावे हा इतिहासाचा विनोदच.

2013 मध्ये मात्र हे नाटक अरबीत बोलले, आणि कसे! सीरियातून जॉर्डनला आलेल्या निर्वासित स्त्रियांनी अम्मानमध्ये ते केले. दिग्दर्शक ओमर अबू सादा हेही सीरियाचेच. या बायका नट्या नव्हत्या. त्यांनी हेक्युबाच्या संवादांत आपली घरे, आपली मेलेली माणसे मिसळली. अथेन्समध्ये हीच पात्रे मुखवटे घातलेले पुरुष करत. अम्मानमध्ये मुखवट्याची गरज उरली नाही, तरी काहीजणींना चेहरा दाखवायची भीती होती. मागे सीरियात नातेवाईक होते.

2014 मध्ये त्यांना अमेरिकेत प्रयोगासाठी बोलावले गेले. त्या परत जाणार नाहीत, या शंकेने व्हिसा नाकारला गेला. शेवटी त्या व्हिडिओवरून बोलल्या, आणि तिकडच्या सभागृहात लोकांनी बसून ऐकले.