जुन्या गो-कार्टचा जीर्णोद्धार

१९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स ह्यांनीं गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन लावून पहिली गो-कार्ट घडविली. पुढें १९५९ सालीं यांत्रिक करवती बनविणाऱ्या मॅक्कुलॉक कंपनीनें खास कार्टसाठीं इंजिन काढलें. अशा इंजिनावर आज नवा कार्बोरेटर चढविणें सोपें आहे. परंतु मग तें त्या काळीं कसें चाले, ह्याची साक्षच नाहींशी होते. तेव्हांच्या अनेक कार्टांवरील टिलट्सन कार्बोरेटरांत पेट्रोलची वाटी नसून लवचिक पडदा असे. त्यामुळें वळणावर इंधन हिंदकळण्याची धास्ती नसे. हा पडदा वयोमानानें ताठरतो आणि इंजिन उपाशी राहतें. म्हणून पडदा नवा घालावा, सुई व छिद्रें स्वच्छ करावीं. मूळ कार्बोरेटर मात्र राखावा. जीर्णोद्धारांत नाशवंत तेवढेंच बदलावें, मूर्ति हलवूं नये.