चाळ कोणाच्या पायात, पदवी कोणाच्या हातात

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या आल्या असतील. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, फेलोशिपसाठी रस्त्यावर बसावं लागतं, आणि ही नृत्याचं कॉलेज कसं निवडायचं यावर बोलणार? बोलणार आहे, कारण हा प्रश्न आता आपल्या घरांत आलेला आहे. बारावीनंतर काय करायचं हे विचारायला मुली येतात, तेव्हा त्यांच्यात एखादी तरी अशी असते जी सात-आठ वर्षं भरतनाट्यम किंवा कथक शिकलेली असते. तिचे मार्कही चांगले असतात आणि तिला दोन्ही हवं असतं. अशाच एका मुलीचे वडील मला म्हणाले, "ताई, आपल्या बायांच्या पायातले चाळ सुटायला दोन पिढ्या गेल्या. आता आम्ही फी भरून ते पुन्हा बांधायचे का?"

समाजशास्त्रात ज्याला आपण सांस्कृतिक भांडवल म्हणतो, त्यावरचं अख्खं प्रकरण या एका प्रश्नात आहे. "काका, जुने विचार सोडा" म्हणून तो उडवून लावता येत नाही. म्हणून आधी इतिहास बघू, मग कॉलेजकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरात दुसऱ्या सरफोजींचं, म्हणजे मराठा भोसल्यांचं राज्य होतं. त्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यमच्या प्रत्येक विद्यार्थिनीला शिकवला जातो, तो बसवण्याचं श्रेय या भावांना दिलं जातं. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठीची मराठी निरूपणंही आहेत. म्हणजे या नाचात आपली भाषासुद्धा आहे. पण नाचणाऱ्या बाया देवदासी होत्या, आणि त्यांना शिकवणारे नट्टुवनार त्याच समाजातले होते.

१९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या बाईंनी मद्रासला हा नाच रंगमंचावर सादर केला. १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र काढलं. त्यांना शिकवणारे पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिल्लै परंपरागत नट्टुवनारच होते. १९४७ साली मद्रास प्रांतात कायदा झाला. देवदासी म्हणून मुली वाहण्यावर बंदी आली आणि मंदिरातला त्यांचा नाचही थांबला. या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः देवदासी समाजातली होती. शोषणातून सुटका हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण सुटकेबरोबर घडलं काय, तर नाच एका समाजाच्या हातून सुटला आणि दुसऱ्या समाजाच्या हातात 'शास्त्रीय' होऊन गेला. टी. बालसरस्वतींसारख्या त्या परंपरेतल्या थोड्याच जणी मोठ्या रंगमंचावर टिकल्या.

महाराष्ट्रात गोष्ट वेगळी आणि तरी सारखी. तमाशात महार, मांग, कोल्हाटी बाया नाचल्या. त्यांच्या कलेला 'अश्लील' हा शिक्का बसला, आणि तीच लावणी सिनेमात आणि महोत्सवात गेल्यावर 'महाराष्ट्राची शान' झाली. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतिणींवर लिहिताना हे दाखवलं. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या पुस्तकाचा तर विषयच हा आहे: अश्लील कोण हे जात कसं ठरवते. शास्त्रीय आणि अश्लील यांच्यामधली रेघ पायांच्या हालचालींवरून पडलेली नाही, ती पाय कोणाचे आहेत यावरून पडलेली आहे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या आज्यांच्या पायात चाळ होते ही वाईट गोष्ट नव्हती. ते काढून ठेवण्याचा अधिकार त्यांना नव्हता, ही वाईट गोष्ट होती. सक्ती आणि निवड यांत फरक एवढाच, की निवडलेली गोष्ट सोडता येते. आणि सोडण्याची ताकद कुठून येते? हातात दुसरा कागद असला की येते.

म्हणूनच 'नृत्य आणि अभ्यास यांचा समतोल' या शब्दांचा आपला अर्थ वेगळा आहे. सवर्ण मध्यमवर्गीय घरात त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो: नाच जमला नाही तर असू द्यावी म्हणून डिग्री. त्या मुलीला डिग्री नसली तरी फ्लॅट असतो, मामा परदेशात असतो, गुरूंची ओळख असते. आपल्या मुलीसाठी डिग्री ही नाचाइतकीच मुख्य गोष्ट आहे, आणि ती नाचासाठीही लागते. डिग्रीमुळे तिला नाच पोटासाठी लाचारीने करावा लागत नाही, आणि या नाचाचा इतिहास तिला स्वतःच्या हाताने लिहिता येतो. आजवर तो आपल्याबद्दल लिहिला गेला, आपण फार थोडा लिहिला.

आता व्यवहाराचं बोलू. रस्ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला, विद्यापीठात नृत्य हाच मुख्य विषय घेऊन पदवी. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, छत्तीसगडमध्ये खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, कोलकात्यात रवींद्र भारती, शांतिनिकेतनात विश्वभारतीचं संगीत भवन, वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठ. दुसरा रस्ता, समाजशास्त्र, इतिहास, इंग्रजी अशा विषयात बीए आणि बाहेरून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा. त्यानंतर नृत्यात एमए करता येतं. हैदराबाद विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर कुचिपुडी आणि भरतनाट्यम आहे. तिसरा रस्ता नवा आहे. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. दोन्ही वर्गात बसून करायच्या तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक वर्गात बसून आणि दुसरी मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने. मात्र आपल्या विद्यापीठाने ही सोय स्वीकारली आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या.

माझं मत स्पष्ट सांगते. लहानपणापासून शिकलेली आणि रोज तीन-चार तास रियाज करणारी मुलगी असेल तर पहिला रस्ता, आणि तोही अशा विद्यापीठात, जिथे नृत्याच्या इमारतीतून बाहेर पडलं की समाजशास्त्राचा, इतिहासाचा विभाग आणि मोठी लायब्ररी आहे. उशिरा सुरुवात केलेली असेल, आणि आपल्याकडे ती बहुधा उशिराच होते, तर दुसरा रस्ता. त्यात कमीपणा नाही. पाच वर्षांनी दोघी एकाच एमएच्या वर्गात भेटू शकतात.

कॉलेजला भेट द्याल तेव्हा काय विचारायचं, ते लिहून घ्या.

एक, हातात पडणारा कागद कोणता? पदवी की पदविका, आणि कोणत्या विद्यापीठाची? कलाक्षेत्राला १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला, पण तिची ओळख राहिली ती चार वर्षांच्या पदविकेची. शिक्षण उत्तम असणं आणि कागद सगळीकडे चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असेल तर यूपीएससी देता येते, पुढे एमए आणि मग नृत्याच्या विषयात नेट देता येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसुद्धा मान्यताप्राप्त संस्थेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. खासगी अकादमीचं गुळगुळीत प्रमाणपत्र समाजकल्याणच्या खिडकीवर उपयोगाचं नाही.

दोन, लेखी विषयांत काय शिकवतात? मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा. सगळे प्रश्न श्लोक आणि मुद्रांच्या व्याख्या पाठ करण्याचे असतील, तर तिथे रियाज असेल, अभ्यास नाही. देवदासी, नट्टुवनार, तवायफ, तमाशा हे शब्द अभ्यासक्रमात येतात का बघा. येत नसतील तर मुलीला तिचाच इतिहास गाळून शिकवला जाणार आहे.

तीन, खर्च किती? फी हा खर्चाचा एक तुकडा. पोशाख, दागिने, मेकअप, साथीदारांचं मानधन हे वेगळं. अरंगेत्रमचा खर्च लाखांत जातो. पदवीसाठी तो करावाच लागतो का, हे स्पष्ट विचारा. शास्त्रीय आणि लोककलांसाठी १८ ते २५ वयोगटातल्या तरुण कलाकारांना सांस्कृतिक मंत्रालयाची महिना ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षं मिळते. आपल्यापर्यंत तिची माहितीच पोचत नाही.

चार, प्रवेश कसा देतात? राखीव जागा किती आणि गेल्या वर्षी त्यातल्या किती भरल्या? लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं. प्रात्यक्षिकात तुम्ही समोर उभ्या असता, आणि पहिला प्रश्न असतो, "तुमचे गुरू कोण?" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून घर, पैसा आणि जात तिन्ही कळतात. उत्तर ताठ मानेने द्या. वस्तीतल्या समाजमंदिरात शिकला असाल तर तेच सांगा.

पाच, तक्रार कुठे करायची? गुरू-शिष्य परंपरेत शरीराला हात लावून शिकवतात आणि गुरूला उलट बोलायचं नसतं. जिथे एका माणसाच्या शब्दावर सगळं करिअर अवलंबून असतं, तिथे हे घातक आहे. २०२३ साली कलाक्षेत्रात विद्यार्थिनींना लैंगिक छळाविरोधात आंदोलनाला बसावं लागलं आणि एका अध्यापकाला अटक झाली. म्हणून २०१३ च्या कायद्यानुसारची अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहे हे विचारा. एससी-एसटी कक्ष कुठल्या खोलीत आहे तेही बघा. त्या खोलीला कुलूप दिसलं तर उत्तर मिळालंच.

सहा, जमीन कसली आहे? हसू नका. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर रोज चार तास पाय आपटले की गुडघे आणि नडगी जातात. लाकडी जमीन आहे का, वसतिगृहापासून वर्ग किती लांब आहे, रात्रीच्या तालमीनंतर मेस उघडी असते का? शिकायला गेलेलं शरीर उपाशी राहून चालत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब परदेशी शिकले, आणि त्याच बडोद्यात नोकरीला आल्यावर त्यांना राहायला जागा मिळाली नाही. राहण्याचा प्रश्न दुय्यम असतो, असं निदान आपण तरी म्हणू नये.

एक शेवटचा मुद्दा. तमाशाच्या फडावर वाढलेल्या मुलीही आता बारावी पास होत आहेत. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आपल्यातल्या अनेकांनी वाचलं आहे. तिथे सुटकेचा अर्थ शिक्षण असाच होता आणि तो बरोबरच होता. पण फडावरच्या मुलीला शिक्षण हवं असेल तर तिने कला पुसून टाकलीच पाहिजे, ही अट आपण का घालायची? तिच्या अंगात जी लय आहे ती शिकायला इतरांना दहा वर्षं लागतात. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. अशा ठिकाणी ती विद्यार्थिनी म्हणून जावी, आणि पुढे तिथेच प्राध्यापक व्हावी. आज तिच्या आईला कार्यशाळेपुरतं बोलावतात, शाल देतात आणि परत पाठवतात. पगार, खुर्ची आणि संशोधनाचा निधी मात्र दुसऱ्याकडे राहतो.

तुम्ही सगळे आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहात. फॉर्म कुठे मिळतो, जात वैधता प्रमाणपत्राला किती महिने लागतात, कोणत्या खिडकीवर कोण अडवतं, हे तुम्ही धक्के खाऊन शिकलात. ही माहिती तुमच्याजवळ ठेवू नका. पुढच्या जून-जुलैत तुमच्या ओळखीची एखादी मुलगी नृत्याला प्रवेश घेणार असेल, तर तिच्याबरोबर एक दिवस त्या कॉलेजात जा आणि हे सहा प्रश्न विचारा. तिच्या वडिलांनाही सोबत न्या. मुलगी काय शिकणार, कोणाकडून शिकणार आणि नको वाटलं तर काय घेऊन बाहेर पडणार, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या.

जय भीम.