लहान शाळेचे मैदान

(महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी परमेश्वराचे उपकार स्मरताना आपल्या लहानशा शाळेचा विचार आमच्या मनातून जात नाही. शाळेपुढील मैदानावर सभागृह उभारावे, खेळांत मुलांचा वेळ व्यर्थ जातो, असे काही हितचिंतकांचे म्हणणे आहे. त्यांचा हेतू शुद्ध आहे. तथापि आमचे मत निराळे आहे, आणि ते आज सर्वांसमक्ष मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

खेळ व धर्म यांत विरोध नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याच्या संयमाचाच दाखला घेतला. संत जॉन बॉस्को यांनी १८४१ साली तुरिन नगरात निराधार व कामकरी मुलांस जवळ करण्यास आरंभ केला, तेव्हा प्रार्थना, शिक्षण व खेळ यांची त्यांनी सांगड घातली. ते स्वतः मुलांबरोबर खेळत. पोप बारावे पायस यांनीही १९४५ च्या मे महिन्यात इटालीतील खेळाडूंस उपदेश करून खेळास आत्म्याच्या सेवेत योग्य स्थान दिले.

कोणी म्हणतील, मोठ्या शाळांपुढे आपली मुले ती किती! परंतु आपल्या खो-खोस दोन खांब व सपाट भूमी यांवाचून काय लागते? पाठलाग करणाऱ्या नऊ जणांत आठ बसलेले असतात. 'खो' मिळाल्याविना उठावयाचे नाही, आणि धावणाऱ्यास मागे वळावयाचे नाही. बसलेल्या सोबत्यास आपली पाळी द्यावयाची. आज्ञापालन व परस्परविश्वास यांचा याहून सोपा पाठ आम्हांस ठाऊक नाही.

जय हेच खेळाचे सर्वस्व नव्हे, हेही मुलांस शिकविले पाहिजे. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले विजय हजारे १९४३ साली मुंबईतील पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत 'रेस्ट' संघाकडून खेळले. दुसऱ्या डावातील ३८७ धावांत त्यांच्या एकट्याच्या ३०९ होत्या. सामना तर डावाने हरला. पण त्याची स्मृती राहिली. त्यांचे बंधू विवेक यांच्या धावा अवघ्या २१. मात्र त्यांनी दुसरी बाजू धरून ठेविली म्हणूनच त्या दोघांची ३०० धावांची भागी झाली. घरी, शेतात व देवळात आपल्या बहुतेक मुलांच्या वाट्यास विवेकांचेच काम यावयाचे आहे. ते मनोभावे करण्याची सवय त्यांस मैदानावर लागावी.

मुलींविषयी दोन शब्द. लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून आलेल्या हिरकणीची आख्यायिका आपल्या वाडीच्या नावातच आहे. त्या वाडीत मुलींनी कडेला उभे राहून केवळ टाळ्या वाजवाव्या, हे आम्हांस रुचत नाही. त्यांसही खेळाचा तास मिळालाच पाहिजे.

आता सभागृहाविषयी. ते देवळामागील उतारावर बांधता येईल. खर्च व श्रम अधिक पडतील, हे आम्ही जाणतो. परंतु या डोंगराळ मुलखात सपाट जागा थोडी, आणि तीही बहुधा भातखाचरांची. मैदानावर एकदा भिंत चढली की ते पुन्हा मिळावयाचे नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी मैदान राखण्यास संमती द्यावी, आणि सुगीनंतर दोन दिवस श्रमदान करून ते नीट करावे. प्रभू येशू ख्रिस्त आपल्या बालकांस देहाने सुदृढ व मनाने निर्मळ राखो, आणि पवित्र मरिया त्यांचे रक्षण करो. आमेन.