पाळीव प्राण्यांच्या अंगावरील गाठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



 गुरांचा नि कुत्र्यामांजरांचा दवाखाना हा विषय या व्यासपीठाला थोडा परका वाटेल. परंतु घरातल्या कुत्र्याला भाकर कोण घालते, न्हाऊ कोण घालते? अंगावरची गाठ पहिल्यांदा हाताला लागते ती बहुधा गृहिणीच्याच. म्हणून हा विषय तुमचाच आहे.

गाठ सापडली की एक ठरलेले वाक्य कानी पडते : "हात लावू नका, सुरी लागली की पसरते." या एका समजुतीपायी कितीतरी मुकी जनावरे हकनाक जातात. ती रूढ कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. गाठ सुपारीएवढी असताना थांबायचे, लिंबाएवढी झाली तरी थांबायचे आणि फुटून वाहू लागली म्हणजे दवाखाना गाठायचा. तोवर घातक रोग फुप्फुसापर्यंत गेलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर जनावर दगावले की दोष सुरीला! दुसरे असे की, घातक गाठ काठोकाठ कापली तर मागे राहिलेल्या पेशींतून ती त्याच जागी पुन्हा उठते. तेव्हा दोष असतो तो उशिराचा आणि अपुऱ्या कापण्याचा.

मग करायचे काय? आधी ओळख, मग सुरी. बहुतेक गाठींत इंजेक्शनची बारीक सुई घालून थोड्या पेशी काढतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला सहसा भूलही लागत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बरगडीवरची मऊ, हलणारी गाठ पुष्कळदा नुसती चरबीची निघते. ती चालण्याफिरण्याच्या आड येत नसेल तर तशीच ठेवली तरी चालते. मात्र नुसत्या हाताने चाचपून निर्णय देऊ नये. मास्ट पेशींची घातक गाठ कधीकधी हुबेहूब चरबीसारखी लागते. ती चोळली, दाबली तर तिच्यातील द्रव्ये बाहेर पडून भोवतालची कातडी लाल होते, सुजते. म्हणून गाठीला दोरा बांधणे, चुना लावणे, शेक देणे हे घरगुती उपाय कृपा करून टाळा.

सुईने उलगडा झाला नाही तर गाठीचा लहानसा तुकडा काढतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. हा छेद अशा जागी घेतात की, पुढे मोठ्या शस्त्रक्रियेत तोही गाठीबरोबर निघून यावा. घातक रोगाची शंका असेल तर जवळच्या रसग्रंथी तपासतात आणि छातीचे एक्स-रे काढतात. रोग कुठवर गेला आहे हे कळल्यावाचून सुरी उचलण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पहिली वेळ हीच सर्वांत मोलाची. मास्ट पेशींच्या गाठीत भोवतालचा दोन-तीन सेंटिमीटर निरोगी भाग आणि खालचा एक पदर गाठीबरोबर काढण्याची रीत आहे. लहान गाठीसाठी एवढी मोठी जखम पाहून घरची माणसे दचकतात. पण ती मोठी आहे म्हणूनच उपयोगाची. काढलेली गाठ फेकून न देता फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीस पाठवलीच पाहिजे. कडेपर्यंत रोग आहे की कडा स्वच्छ आहेत, हे तिथेच समजते. पायाच्या हाडाचा कर्करोग असेल तर कधी पायच काढावा लागतो. ऐकून डोळ्यांत पाणी येते. परंतु बहुतेक कुत्री तीन पायांवर लवकरच सरावतात.

प्रत्येक गाठीला सुरी लागतेच असे नाही. कुत्र्यांत संगातून एकमेकांना लागणारी एक गाठ असते. ती जननेंद्रियावर येते व तिच्यातून रक्त गळते. तिच्यावर आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शने देतात आणि बहुतेक कुत्री बरी होतात. हे औषध मुळात आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेले आहे. पण म्हणून सदाफुलीचा काढा पाजू नका, ते विष ठरेल!

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्रीच्या पोटाखाली सडांच्या दोन रांगा असतात, बहुधा पाच-पाच, मांजरीला चार-चार. तिथली गाठ कुत्रीत साधारण निम्म्या वेळा घातक असते. मांजरीत मात्र दहांपैकी आठ-नऊ गाठी घातक निघतात, म्हणून तिची सबंध रांगच काढण्याकडे कल असतो. गाठ लहान असताना काढली तर मांजर पुष्कळ अधिक जगते. प्रतिबंधही आपल्या हाती आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पहिल्या माजापूर्वी गर्भाशय व अंडाशय काढलेल्या कुत्रींत हा धोका इतर कुत्रींच्या मानाने अवघा अर्धा टक्का आढळला. एका माजानंतर ८ टक्के, दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के. मोठ्या जातीच्या कुत्रीत सांध्यांच्या वाढीचाही विचार करावा लागतो. तेव्हा वय डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा.

भगिनींनो, महिन्यातून एक दिवस ठरवून जनावराच्या सर्वांगावरून हात फिरवा. गाठ लागली तर शिवणाच्या टेपने मोजून तारखेसह टिपून ठेवा. सेंटिमीटरभर झाली किंवा महिनाभर टिकली, की सुईची तपासणी करून घ्या. रोग फार पसरला असेल तर शस्त्रक्रिया न करता वेदना कमी करणे हेही उपचारच आहेत. त्यात निर्दयपणा नाही. निर्दयपणा आहे तो पाहून न पाहिल्यासारखे करण्यात. मुक्या जिवाला "दुखते" असे सांगता येत नाही. ते आपल्या हातांनीच ओळखले पाहिजे.